घरात काम चालू असताना कंत्राटदाराशी कसे बोलावे, आणि कोणी बोलावे?

धागाकर्ता:

घराचे काम काढायचे ठरले की दर कोणाचा घ्यावा, माल कोणता आणावा, रंग कोणता द्यावा यावर भरपूर चर्चा होते. कंत्राटदार ठरला, उचल दिली, तोडफोड सुरू झाली, की त्यानंतरचे कित्येक आठवडे आपण त्याच्याशी आणि त्याच्या माणसांशी कसे वागायचे, याचा विचार मात्र बहुधा कोणी केलेला नसतो. माझ्या घराचे काम नुकतेच पूर्ण झाले. त्याआधी नात्यातल्या आणि शेजारच्या अनेक घरांची कामे मी जवळून पाहिली आहेत. कारागिराचा हात वाईट म्हणून बिघडलेली कामे त्यांत थोडी होती. कोणी, कोणाला, केव्हा आणि काय सांगितले याचा घोळ झाल्यामुळे बिघडलेली कामे कितीतरी जास्त होती. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी कामे करून घेतली आहेत आणि ज्यांनी स्वतः केली आहेत, अशा दोघांनीही येथे लिहावे.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की घराच्या बाजूने एकाच माणसाने बोलावे आणि कामाच्या बाजूने एकाच माणसाने ऐकावे. एका परिचितांच्या घरी न्हाणीघराचे काम चालू असताना मी तेथे होतो. गवंडी भिंतीवर पेन्सिलने खूण करून वॉशबेसिनची उंची विचारत होता. आजोबा चाकांच्या खुर्चीत बसतात, म्हणून त्यांनी खूण खाली घ्यायला लावली. थोड्या वेळाने उंचापुरा नातू आला आणि त्याने ती वर नेली. संध्याकाळी घरच्या बाईंनी आरशाच्या हिशेबाने तिसरीच उंची सांगितली. तोवर पाइपसाठी भिंतीत दोन ठिकाणी झिऱ्या, म्हणजे लांब खाचा, मारून झाल्या होत्या. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते आणि गवंड्यानेही प्रत्येक वेळी सांगितले तेच केले होते. पुढे जादा कामाचे पैसे मागितले गेले, तेव्हा मात्र घरात सगळ्यांचे एकमत झाले की कंत्राटदार लुबाडतो आहे. घरच्यांनी आपसात बोलून एकच उंची ठरवली असती आणि ती कंत्राटदाराच्या कानावर घातली असती, तर हा प्रसंग आलाच नसता.

मिस्त्री समोर दिसतो आणि कंत्राटदार दिवसातून एखादी चक्कर टाकतो, म्हणून सूचना मिस्त्रीला देण्याचा मोह होतो. तो टाळावा. मिस्त्रीला आपल्या करारात काय आहे हे ठाऊक नसते, पुढच्या कामाशी त्याची सांगड कशी घालायची हे ठाऊक नसते, आणि घरमालकाला ‘नाही’ म्हणणेही त्याला जड जाते. तो मान डोलावतो, आणि आपण ती संमती समजतो. मोठ्या बांधकामांत ही शिस्त करारातच घातलेली असते. सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ सालच्या नमुना करारात कंत्राटदाराने केवळ अभियंत्याकडून किंवा त्याने अधिकार दिलेल्या साहाय्यकाकडून सूचना घ्याव्यात असे कलम आहे. तोंडी सूचना मिळाली तर कंत्राटदाराने दोन कामकाजी दिवसांत ती लेखी कळवायची, आणि पुढच्या दोन कामकाजी दिवसांत अभियंत्याने लेखी हरकत घेतली नाही तर ती लेखी सूचनाच मानायची, अशीही तरतूद त्यात आहे. धरणे आणि पूल बांधणाऱ्या माणसांना ज्याची गरज वाटली, त्याची घरगुती आवृत्ती आपल्याला जड जाण्याचे कारण नाही. ‘आज बोलणे झाले त्याप्रमाणे वॉशबेसिनची वरची कड फरशीपासून ८० सेंटिमीटरवर, जादा खर्च नाही,’ एवढा एक संदेश रात्री पाठवला की पुरते.

दुसरी गोष्ट निर्णयांची. आपण दिवसभर कामावर लक्ष ठेवून उभे राहिलो म्हणजे आपले कर्तव्य झाले, असा एक समज आहे. खरे तर घरमालकाने करण्यासारखे, दुसऱ्या कोणालाही न जमणारे काम एकच असते, ते म्हणजे वेळेवर निर्णय देणे. टाइल्स कोणत्या, दाराची उघड कोणत्या बाजूला, फ्रिज कोठे येणार, पलंगाच्या कोणत्या बाजूला प्लग हवा. हे प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी कंत्राटदाराकडून लिहून घ्यावेत आणि प्रत्येकापुढे ‘या तारखेपर्यंत उत्तर हवे’ असे त्याच्याच हातचे लिहून घ्यावे. फ्रिजची जागा गिलावा झाल्यावर ठरवली तर गिलावा फोडावा लागतो, आणि ते फोडणे आपल्या खात्यावर पडते.

तिसरी गोष्ट माणसांशी वागण्याची. आलेल्या प्रत्येकाचे नाव विचारून घ्यावे आणि नावानेच हाक मारावी. स्वच्छतागृह कोणते वापरायचे, पिण्याचे पाणी कोठे आहे, बसायची आणि हत्यारे ठेवायची जागा कोणती, हे पहिल्याच दिवशी आपणहून सांगावे. एवढे साधे औचित्यही कित्येक घरांत पाळले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. जो माणूस आपल्या डोक्यावरचे छत दुरुस्त करतो आहे, त्याला लघवीला कोठे जायचे हे संकोचाने विचारावे लागू नये.

सध्या एवढेच. पैशांचे टप्पे आणि तपासणी यांवर जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १ (व्यवसायाने कंत्राटदार):

धागा काढल्याबद्दल आभार. आमची बाजू सहसा कोणी विचारत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निर्णयांबद्दल आपण लिहिले ते अगदी खरे आहे. त्यामागचे गणितही घरमालकांना कळावे असे वाटते. माझ्याकडे एका वेळी दोन-तीन कामे चालू असतात. फरशी बसवणारी जोडी एका घरातून निघून दुसऱ्या घरात कोणत्या दिवशी जाणार हे आधीच ठरलेले असते. आपल्या घरी टाइल्सचा निर्णय अडला, तर मी त्या जोडीला रिकामे बसवू शकत नाही, कारण त्यांची मजुरी चालूच राहते. ती दुसऱ्या घरी जाते, तेथले काम अर्ध्यावर टाकून परत येऊ शकत नाही, आणि आपला दोन दिवसांचा उशीर दोन आठवड्यांचा होतो. घरमालकाला वाटते की कंत्राटदार काम सोडून पळाला. आमच्यांत कामे अंगावर घेऊन खरोखर गायब होणारेही आहेत, हे मी नाकारत नाही. पण कामावर कोणी येईनासे झाले की पहिला प्रश्न असा विचारावा : ‘माझ्याकडून काही अडले आहे का?’ त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर मग खुशाल जाब विचारावा.

दुसरे म्हणजे कारागिराच्या मागे उभे राहणे. पाहायला कोणाचीच हरकत नसते, आणि कामात रस घेणारा घरमालक आम्हाला आवडतोही. पण टाइल बसवताना मसाला किंवा चिकटद्रव्य सुकायच्या आत ती जागेवर घ्यावी लागते. त्या वेळी कोणी ‘ही जरा डावीकडे नाही का वाटत?’ असे दर टाइलला विचारू लागले की हात बिचकतो, आणि बिचकलेल्या हाताने रेष हमखास हलते. त्याऐवजी पहिली ओळ मांडून झाली की ती मालकांनी नीट पाहावी, पसंत करावी आणि मग बाजूला व्हावे. अर्धवट टाइलचा तुकडा कोणत्या कोपऱ्यात येणार, हे त्या पहिल्या ओळीतच ठरते.

तिसरी विनंती अशी की माझ्या माणसाला परस्पर बाजूला घेऊन ‘सुट्टीच्या दिवशी ये आणि एवढे कपाट लावून दे’ असे सांगू नये. त्या कामाची हमी माझ्यावर राहत नाही, त्याला इजा झाली तर जबाबदारी कोणाची यावरून वाद उभा राहतो, आणि उद्या तेच कपाट भिंतीतल्या पाइपवर खिळा ठोकून लावलेले असते.

प्रतिसाद २ (स्थापत्य अभियंता, देखरेखीचा अनुभव):

धागाकर्त्यांनी सूचना मिस्त्रीला देऊ नयेत असे लिहिले आहे. मला हे तत्त्व मान्य आहे, पण त्याला अपवाद आहेत आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजेत. भार वाहणारी भिंत, तुळई किंवा खांब यांवर छिन्नी चालताना दिसली, चालू वीजप्रवाहाच्या तारेवर कोणी काम करत असेल, गॅसचा वास आला, पाण्याची वाहिनी फुटली, किंवा कोणी उंचावर आधाराविना उभा असेल, तर कोणालाही न विचारता काम तेथल्या तेथे थांबवावे आणि मग कंत्राटदाराला फोन करावा. अशा वेळी भिडेस पडू नये. बाकी सगळे संध्याकाळपर्यंत थांबू शकते.

झिऱ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. भार वाहणाऱ्या विटांच्या भिंतीत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा नियम अनेक मानकांत आढळतो. आडव्या झिरीने भिंतीचा छेद सलग लांबीत कमी होतो, म्हणून तिच्यावर बंधन अधिक कडक आहे. आपल्या घरी आडवी लांबच लांब झिरी मारायचे ठरत असेल, तर ती भिंत भार वाहते की नुसती आडोशाची आहे, हे आधी विचारावे. हा प्रश्न घरमालकाने विचारलेला कोणत्याही चांगल्या कंत्राटदाराला आवडतो.

आता तपासणी. माझा सल्ला असा की रोज तपासू नये. जे पुढच्या टप्प्यात झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी तपासावे, आणि ‘हे टप्पे मला दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही’ असे करारातच लिहावे. भिंतीत गाडलेल्या पाण्याच्या वाहिन्या गिलाव्यापूर्वी दाबाखाली तपासतात. वापरातल्या दाबाच्या दीडपट दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का हे पाहण्याची पद्धत रूढ आहे. पाइपच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. न्हाणीघराच्या वॉटरप्रूफिंगवर फरशी बसण्यापूर्वी जाळीचे तोंड बंद करून पाणी साठवतात आणि किमान २४ तास, शक्य तर ४८ तास ठेवतात. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करावी, खालच्या छताकडे आणि शेजारच्या भिंतींकडे लक्ष ठेवावे. फरशीला उतार साधारण ८० ते १०० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असावा, आणि तो जाळीकडेच जात असावा. त्यासाठी फार हत्यारे लागत नाहीत. एक मग पाणी चारही कोपऱ्यांत ओतून ते कोठे साचते ते पाहिले की कळते.

तारा आणि पाइप झाकण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवा, आणि त्यात मोजपट्टी उलगडून धरलेली दिसू द्या. एका टोकाला खोलीचा कोपरा, दुसऱ्या टोकाला पाइप, आणि मध्ये वाचता येतील असे आकडे. पुढे कधी भिंतीत खिळा मारायचा झाला, तर या छायाचित्राइतके उपयोगी दुसरे काही सापडणार नाही.

एक राहिले. सिमेंटची घाई कधीही करू नये. काँक्रीटची नेमलेली ताकद २८ दिवसांची धरतात, सातव्या दिवशी ती साधारण दोनतृतीयांशाच्या आसपास असते. गिलाव्यावरही साधारण आठवडाभर पाणी मारावे लागते आणि नंतर तो पुरता सुकावा लागतो. ‘रंग परवा सुरू करा’ असा तगादा घरमालकानेच लावला आणि ओल्या भिंतीवरचा रंग पुढे पोपडे धरून सुटला, तर कंत्राटदाराकडे दाद मागायला तोंड राहत नाही.

प्रतिसाद ३:

वरील माहिती उत्तम आहे, पण मला एका मुद्द्यावर असहमती नोंदवायची आहे. रोज रात्री संदेश पाठवणे, सगळे लेखी घेणे, टप्पे दाखवल्याशिवाय पुढे जाऊ न देणे, यांतून समोरच्याला आपला त्याच्यावर विश्वास नाही असेच वाटणार. आमच्या घरी वर्षानुवर्षे एकच मिस्त्री काम करतो. त्याला काय हवे ते सांगितले की तो ते करतो. कागद कधी लागला नाही. तो मनापासून काम करतो, कारण आम्ही त्याला आपला मानतो. कागद पुढे केला की तो कागदापुरतेच काम करील अशी मला भीती वाटते.

धागाकर्ता:

आपला मुद्दा मोलाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. वर्षानुवर्षांच्या संबंधात दोघांनाही एकमेकांच्या सवयी ठाऊक असतात, म्हणून न बोललेलेही कळते. पण पहिल्यांदाच आलेल्या कंत्राटदाराला आपल्या सवयी ठाऊक नसतात, आणि आपल्यालाही त्याच्या ठाऊक नसतात. ‘दाराला चांगले पॉलिश’ याचा अर्थ एकाला चकाकणारे आणि दुसऱ्याला मंद वाटू शकतो, आणि दोघेही प्रामाणिक असतात. लिहून ठेवल्याने संशय दिसतो असे मला वाटत नाही. दोन महिन्यांनी दोघांपैकी एकाची आठवण दगा देते, तेव्हा त्या लिहिण्यामुळे कोणालाच खोटे पाडावे लागत नाही.

माझ्या कामात कंत्राटदाराने सुरुवातीला रात्रीच्या संदेशांना उत्तर दिले नाही. एकदा खिडकीच्या पट्टीच्या दगडावरून प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याचेच म्हणणे त्या संदेशामुळे खरे ठरले आणि जादा पैसे मी निमूटपणे दिले. त्यानंतर तो स्वतःच मला लिहून पाठवू लागला. कागद दोन्ही बाजूंनी राखण करतो, हे समोरच्याला दिसले की तो दुखावत नाही. आपल्या मिस्त्रीशी असलेला आपला संबंध मात्र खरोखर दुर्मीळ आहे. तो अवश्य जपावा.

प्रतिसाद ४ (काम चालू असताना त्याच घरात राहिलेली गृहिणी):

घर रिकामे करून काम काढणाऱ्यांचे प्रश्न वेगळे, आणि त्याच घरात राहून काम करून घेणाऱ्यांचे वेगळे. आमच्याकडे सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि लहान मूलही आहे, त्यामुळे बाहेर राहणे शक्य नव्हते. त्यावरून दोन-चार गोष्टी लिहिते.

धुळीबद्दल कंत्राटदाराशी पहिल्याच दिवशी बोलावे. टाइल, दगड आणि काँक्रीट कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला १९९७ साली मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात टाकले, आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजारही तिच्यामुळेच होतो. आपण त्या धुळीत थोडे दिवस असतो. कारागीर आयुष्यभर असतो. म्हणून कापण्याचे काम बाहेर किंवा उघड्या गच्चीवर, पाणी सोडणाऱ्या यंत्राने करायचे, कापणाऱ्याने योग्य मास्क लावायचा, आणि संध्याकाळी कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, असे आम्ही ठरवले. कापणाऱ्या मुलाला मास्कची सवय नव्हती. मी त्याला रागावले नाही. सासूबाईंचा इन्हेलर दाखवला आणि ही धूळ आत जाऊन काय करते ते सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच मास्क मागू लागला. जुना रंग खरवडायचा असेल तर त्यात शिसे असू शकते, आणि जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ही दोन्ही कामे जाणकाराला दाखवल्याशिवाय सुरू करू देऊ नयेत, आणि त्या वेळी मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

दागिने, रोख रक्कम आणि महत्त्वाची कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वीच घराबाहेर सुरक्षित ठेवावीत. यात कोणावर आळ घेण्याचा हेतू नाही. उलट एखादी वस्तू हरवली की गरीब माणसावर पहिला संशय जातो, आणि तो अन्याय आपल्या हातून घडू नये म्हणून ही काळजी घ्यायची. किल्ली एकाकडेच द्यावी आणि ती कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. कामाच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि त्या शेजाऱ्यांना आपणहून सांगाव्यात, म्हणजे ड्रिलचा आवाज सुरू झाल्यावर शेजारी कारागिरांवर ओरडत नाहीत. आणि चालू कामाच्या खोलीत रात्री मुले जाणार नाहीत असा अडसर करून घ्यावा, कारण खिळे, उघड्या तारा आणि चिकटद्रव्यांचे डबे तेथेच असतात.

तात्पुरती वीजजोडणी कारागीर ज्या प्लगवरून घेतात, त्यावर ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. ओल्या जागेत यंत्रे चालतात तेव्हा तो असलाच पाहिजे.

प्रतिसाद ५:

माझा प्रश्न तातडीचा आहे. दिवाणखान्याची फरशी बसून झाली आहे आणि मला ती अजिबात आवडलेली नाही. कडा वर-खाली लागतात, काही टाइल्स पोकळ वाजतात. कंत्राटदाराला सांगितले की ‘काम वाईट झाले आहे’, तर तो म्हणतो की असेच असते. आता त्याच्याशी बोलणे जवळपास बंद झाले आहे. काय करावे?

प्रतिसाद २ चे लेखक (उत्तर):

‘काम वाईट झाले आहे’ या वाक्याला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याने ‘असेच असते’ असे उत्तर दिले. आपली तक्रार त्याला मोजता येईल अशी करा. दोन मीटरची सरळ पट्टी घ्या आणि ती फरशीवर वेगवेगळ्या दिशांनी टेकवून पाहा. पट्टीखाली साधारण ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक बऱ्याच ठिकाणी ग्राह्य धरतात. त्यापेक्षा जास्त फट दिसेल तेथे काढता येणारी चिकटपट्टी लावा. मग लाकडी मुठीने प्रत्येक टाइल हलक्या हाताने वाजवा. कोपऱ्याएवढा भाग पोकळ वाजला तर ती उखडण्याची गरज नसते. पण निम्म्याहून अधिक टाइल पोकळ वाजत असेल, किंवा पोकळ कोपरा जड वस्तूखाली किंवा दाराच्या उंबऱ्यापाशी येत असेल, तर ती तडकण्याचा संभव असतो. अशा टाइल्सना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. मग कंत्राटदाराला बोलवा, त्याच्या हातात पट्टी द्या आणि त्यालाच मोजू द्या. त्याने स्वतःच्या हाताने मोजलेली फट त्याला नाकारता येत नाही.

हे करताना घरातली चार माणसे भोवती उभी करू नका आणि त्याच्या कारागिरांसमोर त्याला बोलू नका. चार लोकांत माणूस चूक मान्य करत नाही, एकट्याने करतो. बोलणे झाले की कोणत्या टाइल्स बदलायच्या, नवा माल कोणाच्या खर्चाने, आणि केव्हापर्यंत, एवढे लिहून घ्या. तेवढे करूनही तो बधला नाही, तर त्रयस्थ अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या आणि तोपर्यंत उरलेले पैसे देऊ नका. जे काम नीट झाले आहे त्याचे पैसे मात्र अडवू नका. फरशीच्या भांडणात रंगाचे पैसे अडकवले की न्याय्य तक्रारही दुबळी होते.

प्रतिसाद १ चे लेखक:

पैशांचे टप्पे कोणी लिहिले नाहीत, म्हणून आमच्या बाजूने सांगतो. आधी मोठी उचल मागणारा आणि आधी काहीच न देणारा, या दोघांपासूनही सावध राहावे. उचल इतकीच असावी की पहिल्या टप्प्याचा माल आणि मजुरी त्यातून निघेल. त्यानंतर तारखेप्रमाणे न देता टप्प्याप्रमाणे द्यावे : तोडफोड आणि राडारोडा उचलून झाला, पाइप-तारांची चाचणी झाली, गिलावा झाला, फरशी झाली, रंगाचा शेवटचा हात झाला. टप्पा पुरा झाला की त्याच दिवशी द्यावे. वेळेवर पैसे देणाऱ्या घरी आम्ही आमची चांगली माणसे पाठवतो, हे कोणी उघड बोलत नसले तरी खरे आहे.

शेवटचे ५ ते १० टक्के राखून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे, पण ते केव्हा सुटणार हे आधी ठरलेले असावे. मोघम राखून ठेवलेली रक्कम म्हणजे आमच्या दृष्टीने बुडालेली रक्कम, आणि मग शेवटच्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी कोणी फिरकत नाही. उत्तम रीत अशी की काम संपत आले की दोघांनी मिळून खोली-खोली फिरावे. प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक स्विच दाबून, प्रत्येक दार लावून पाहावे आणि राहिलेल्या कामांची एकच यादी करावी. त्या यादीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात. यादी पुरी झाली की राखलेल्यातला मोठा भाग द्यावा आणि थोडा हमीच्या मुदतीसाठी ठेवावा. रोज एक नवी त्रुटी फोनवर सांगितली, तर प्लंबर आणि सुतार यांना एकेका स्क्रूसाठी परत आणणे आम्हाला परवडत नाही.

जादा कामाबद्दल : मी माझ्या घरमालकांना सांगतो की दर ठरल्याशिवाय मला जादा काम सुरू करू देऊ नका. ‘करून टाका, मग बघू’ हे मालकाचे वाक्य ऐकायला प्रेमाचे वाटते, पण शेवटच्या बिलावर सगळी भांडणे त्यातूनच निघतात.

प्रतिसाद ३ चे लेखक:

धागाकर्ते आणि कंत्राटदार महोदय, दोघांचेही आभार. आमच्या मिस्त्रीला पुढच्या महिन्यात स्वयंपाकघराचे काम द्यायचे आहे. त्याला यादी करायची का असे सहज विचारले, तर तो म्हणाला की त्याला लिहिता येत नाही, पण मी लिहिलेले वाचून दाखवले तर बरे होईल, कारण मागच्या खेपेस कप्प्यांची खोली किती ठरली होती ते त्यालाही आठवत नव्हते. आम्ही कप्प्यांची मापे आता भिंतीवरच पेन्सिलने लिहायचे ठरवले आहे, आणि त्यांचे छायाचित्र दोघांकडे राहील.

धागाकर्ता:

हे फार चांगले झाले. लिहिता न येणाऱ्या कारागिरासाठी भिंतीवरचे चित्र आणि माप ही उत्तम वाट आहे. माझ्या मूळ लेखात तिचा विचार यायला हवा होता. फक्त ती भिंत रंगवण्यापूर्वी छायाचित्र नीट वाचता येते ना, हे दोघांनी एकदा पाहून घ्यावे.

एक शेवटची भर घालतो. काम संपले की उरलेल्या टाइल्स परत पाठवू नयेत. मुळातच मोजमापापेक्षा साधारण १० टक्के जास्त घेतलेल्या असतात. त्यांतल्या एका तरी पूर्ण खोक्याएवढ्या टाइल्स, खोक्यावरच्या बॅच आणि छटेच्या क्रमांकासह ठेवून द्याव्यात, कारण दुसऱ्या बॅचची छटा जुळत नाही. रंगाच्या डब्यावरचा छटा क्रमांक, नळांची हमीपत्रे, पाइप-तारांची छायाचित्रे आणि सह्या केलेली यादी एका पाकिटात ठेवावी, आणि त्या पाकिटावर कंत्राटदार, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन या तिघांचे फोन क्रमांक लिहून ठेवावेत.